शोभाच्या कातरणामागं अहमदपूर ते नांदेड

नांदेडला मी हौसेनं गेले न्हाई, हे आधीच सांगते. संतापानं गेले.

बुधवारी मी दळण आणायला गेले आन तेवढ्यात आमच्या सूनबाईनं, वैशालीनं, दारावर आलेल्या भांडेवालीला जुन्या साड्या देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. भांडेवाली म्हणली, एवढ्यात बसत न्हाई, अजून काही टाका. तर हिनं माझ्या कॉटखालचं गाठोडं ओढलं आन दिलं वरून.

"आत्याबाई, चिंध्याच तर होत्या," म्हणते.

चिंध्याच होत्या. माझी लेक शोभा ब्लाउज शिवायची. मशीनखाली पडलेलं कातरण ती फेकायची न्हाई, गाठोड्यात भरायची. "सारिकाला लेकरू झालं की ह्याचंच दुपटं शिवू," म्हणायची. सारिका तिची पोरगी, तवा पाचवीत होती. पुढं शोभा गेली, सारिका माझ्यापाशी वाढली, नांदेडला दिली, आन आता तिला लेकरू झालंय. रविवारी बारसं. आमच्यात लेकरू जन्मायच्या आधी त्याचं दुपटं शिवत न्हाईत, म्हून मी सुईला हात लावला नव्हता. थांबले, आन हे झालं.

भांडेवाली लोहा गावची हाय, एवढं वैशालीला ठाऊक होतं. तेवढंच कामाचं बोलली. गुरुवारी सकाळी मी एसटीत.

ज्यांना जायचं त्यांच्यासाठी सांगते. अहमदपूरहून नांदेडच्या गाड्या भरपूर हायत, लोह्यावरूनच जातात. बायांना अर्ध तिकीट. रस्ता आता रुंद झालाय, पण खिडकीची काच काही लागत न्हाई. माळाकोळी येईस्तोवर डोक्यात धूळ.

कंडक्टर म्हणला, "काय मावशी, पिशवी न्हाई, गाठोडं न्हाई, रिकाम्याच निघाल्या?"

"गाठोडंच आणायला चालले. तिकीट फाड."

लोह्याच्या स्टँडवर चहा पिऊ नका. दहा रुपयात घोटभर, तो बी पाणचट. तिथल्याच पानवाल्याला विचारलं तर त्यानं भांडेवालीचं घर बोटानं दाखवलं. बाई अंगणात साड्यांच्या घड्या घालून राहिली होती. मला बघून उठली.

"मावशी, पातेलं गळालं का?"

"पातेलं गेलं खड्ड्यात. चिंध्यांचं गाठोडं दे माझं."

"ते तर सकाळीच गेलं. माझा माणूस नांदेडला घेऊन गेला, गादीवाल्याकडं. उशीत भरतेत ना."

माझं डोकंच फिरलं. ती घाबरली बिचारी. "मला काय ठाऊक मावशी? तुमच्या सूनबाईनं तर पायानं सरकवलं माझ्याकडं." हे ऐकून तर अजूनच पेटले. दुकानाचा पत्ता मात्र तिनं नीट सांगितला.

नांदेडच्या स्टँडवर ऑटोवाले अंगावर येतात. पहिला सांगंल त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. मी भांडत बसले न्हाई, घाई होती, म्हून लुटले गेले. इतवाऱ्याच्या बाजारात उतरून गल्लीत शिरले. दुकानात कापसाचा धुरळा, कोपऱ्यात पिंजायची मशीन घरघर करून राहिलेली, आन तिच्यापुढं चिंध्यांचा ढीग. गादीवाले चाचा दाढीवरचा कापूस झटकत आले.

"बंद कर ती मशीन!" मी आधी ओरडले, मग कारण सांगितलं.

"क्या अम्मा, चिंदी पे नाम लिखा रहता क्या?" चाचा हसले. "इस में आधे नांदेड की चिंदी है."

"माझ्या लेकीची मला कळती."

"और आधी तो मशीन में से गई भी," चाचा म्हणले.

मी त्यांच्याकडं बघितलं न्हाई, ढिगापाशी बसले. ब्लाउजच्या मुंढ्यापाशी, बाही जोडतेत तिथं, जो तुकडा उरतो तो अर्ध्या चंद्रासारखा असतो. शोभा सुती कापडावर निळ्या खडूनं आखायची, ती रेघ धुतल्याबिगर जात न्हाई. कोणता हिरवा, कोणता जांभळा, कोणाच्या ब्लाउजचा, सगळं ध्यानात होतं. चाचांनी पहिलं तर कपाळाला हात लावला, मग स्टूल बाजूला सारून तेच खाली बसले. "ये देखो अम्मा, नीला खडू." "हा न्हाई, ह्याची रेघ पांढरी हाय, ठेवा तिकडं." गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणले, बाद में आना, अम्मा का काम चल रहा.

निघताना ओटीभर निघालं. सगळं गाठोडं होतं, ओटीभर राहिलं. पिंजलेलं डोळ्यापुढं पडलं होतं, रंगीत कापसासारखं. चाचा पैसे घेईनात, म्हून मी एक उशी विकत घेतली. नको होती, पण घेतली.

सारिकाच्या सासरी गेले तर पाळण्यात आधीच दुकानातलं दुपटं. त्याच्यावर चिंध्या छापलेल्या! तुकड्यांचं चित्र, टाक्यांचं बी चित्र. आत काय तर मेणकापड. लेकराची पाठ घामानं लाल झालेली. मी ते काढून दाराबाहेर ठेवलं. विहीणबाई काही बोलणार होत्या, माझं तोंड बघून चहा टाकायला गेल्या.

शुक्रवार-शनिवार शिवत बसले. पुष्कळ जण विचारतात कसं शिवायचं, तर ऐका. तुकडे आधी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात घालायचे. सुती तेवढेच घ्यायचे, टेरिकॉट न्हाई, जरीचे न्हाई. आत जुनं, धुवून धुवून मऊ पडलेलं लुगडं. वरून साधा धावदोरा. आन गाठ दोन थरांच्या मधे लपवायची, वर आली तर लेकराला टोचती. बास. ह्याच्यासाठी शिकवणी लावायची गरज न्हाई.

कातरण थोडं, म्हून दुपटं लहान झालं. छातीपासून पायापर्यंत पुरंल एवढंच.

बारशाला सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. सारिकानं त्याच्यावरून हात फिरवला, रडली, घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आन कपाटाला कुलूप.

"काय करून राहिली तू?"

"मोठी माय, आईचं माझ्यापाशी एवढंच हाय. खराब झालं तर?"

"दुपटं हाय ते! लेकरानं मुतायचं असतं त्याच्यावर. मी काय कपाटासाठी त्या पिंजायच्या मशीनपुढं बसले होते? तुझी आई लेकरासाठी ठेवत होती, कुलपासाठी न्हाई."

"तुला न्हाई कळायचं," म्हणली.

मला न्हाई कळायचं! चार माणसांत आवाज चढवला मी. विहीणबाई म्हणल्या, जेवून तर जा. जेवले न्हाई. स्टँडवर चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, गाडी पकडली. सुशीला चांगली होती, उगं खोटं काहून बोलू? हिरवी मिरची सढळ. पण निम्मी तशीच ठेवली. लोहा कधी गेलं, माळाकोळी कधी गेली, कळलं न्हाई.

घरी येऊन तीन-चार दिवस झाले. वैशाली समोरून येती, मी बाजूनं जाते. राग हाय तो हाय. चिंध्या दिल्या म्हून न्हाई, विचारलं न्हाई म्हून. नांदेडहून काय आणलं असं शेजारणी विचारतात. उशी आणली, म्हणते.

काल दुपारी सारिकाचा फोन आला. चित्र दिसतं तसला. मागं लेकराचं रडणं, हिचे केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले.

"मोठी माय, रात्रभर झोपला न्हाई. मऊ कापडाबिगर राहीनाच. काढलं शेवटी." तिनं फोन फिरवला. लेकराच्या अंगाखाली दुपटं, मधोमध मोठा पिवळा डाग. "सकाळपासून दोनदा भिजवलं. हे डाग जायचे न्हाईत का गं?"

"निघतेत. उन्हात घाल."

"आन एका कडेला टाका उसवलाय."

"घाल मग. सुई काय माझ्याच घरी हाय का?"

फोन ठेवला. असंच धुतलं तर ते वर्षभर बी टिकायचं न्हाई. न्हाई टिकलं तर न्हाई.