भुऱ्याचे दहा दिवस

फौजेतून परत आलेल्या माणसाला पलूसच्या बाजूला दोन कामं हमखास मिळत. एक तर साखर कारखान्याच्या फाटकावर रखवालदारी, नाहीतर पारावर बसून लढाईच्या गोष्टी सांगणं. नाथाजी यादवला दोन्ही जमलं नाही. पंधरा वर्षं तो मेरठला आणि पुढं सरहद्दीवर लष्कराच्या कुत्र्यांबरोबर राहिला होता. माणसांशी फार बोलायची सवयच राहिली नव्हती. पंचाहत्तर साली तो ओढ्याकाठच्या वस्तीवर परत आला तेव्हा वय चव्वेचाळीस, पण चालणं साठीतल्या माणसाचं. कुणी विचारलं, "काय नाथा, बरं हाय का?" तर तो "हाय" म्हणायचा आणि पुढं जायचा.

एकाहत्तरच्या लढाईत त्याच्याकडं राणी नावाची कुत्री होती. तोफांच्या आवाजाला ती अशी भ्याली की तिनं अन्न सोडलं. नाथाजी तिला दुधात भाकरी कुस्करून द्यायचा, ती तोंड फिरवायची. एकोणिसाव्या दिवशी ती त्याच्या मांडीवर गेली. नंतर मेरठला परतल्यावर एका साहेबाच्या बाईसाहेबांनी त्याला भेदरलेल्या कुत्र्यांसाठी फुलांचं पाणी करायला शिकवलं. शिकताना त्याच्या मनात एकच यायचं, हे चार महिने आधी कळलं असतं तर.

कृती साधी होती. काचेच्या रुंद भांड्यात स्वच्छ पाणी घ्यायचं. दव उडाल्यावर फुलं तोडायची, ती पाण्यावर तरंगत सोडायची आणि भांडं उघड्या उन्हात ठेवायचं. फुलं मलूल झाली की काडीनं बाजूला काढायची. उरलेलं पाणी बाटलीत भरायचं आणि नासू नये म्हणून त्यात चमचाभर ब्रँडी घालायची. त्यातले चार थेंब कुत्र्याच्या पिण्याच्या पाण्यात, दिवसातून चार वेळा. बाईसाहेबांची फुलं विलायती होती. नाथाजीनं इथली वापरून पाहिली. कण्हेर आणि रुई विषारी, म्हणून ती आधीच वगळली. मोगरा, शिरीष, तरवड, कडुनिंबाचा मोहोर, असं एकेक करत गेला. मेरठच्या थंडीत तीन तास लागायचे. इथं वैशाखात पाऊण तासात फुलं माना टाकायची. ब्रँडीच्या जागी कँटीनची रम आली.

रमची बातमी वस्तीवर पसरायला वेळ लागला नाही.

"चार थेंब पोटात गेल्यावर कुत्रं कशाला भितंय?" वस्तीवरचा मानसिंग म्हणायचा. "मला बाटलीभर दे, नाथादादा. मी वाघाच्या म्होरं बसून मिशीला पीळ देतो."

कधी गुण यायचा, कधी नाही. पण आसपासचे लोक थरथरणारी, खाटेखाली दडणारी कुत्री घेऊन येतच राहिले, आणि नेमके जेवणाच्या वेळी. नाथाजीची बायको अंबूबाई मेढ्याकडची, जिभेची तिखट. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "मान्सं एकमेकाला खुशाली इचारीनात, आन् आमच्या दारात कुत्र्यांचा बाजार भरतोय." नाथाजी हात पुसून उठायचा.

शहात्तरच्या वैशाखात लालासाहेबांनी ओढ्यालगत विहीर काढायला घेतली. वस्तीवरचे ते मोठे बागाईतदार, ऊस त्यांचा आणि शब्दही त्यांचा. दहा हातांवर काळा पाषाण लागला आणि रोज दुपारी सुरुंगाचे बार उडू लागले. विहिरीपासून दोनशे पावलांवर साळूबाईचं छप्पर होतं. साळूबाई विधवा, एकटी. चार शेळ्या आणि भुऱ्या नावाचा कुत्रा, एवढाच तिचा संसार. आदल्या वर्षी भुऱ्यानं लांडग्याच्या तोंडातून करडू सोडवलं होतं. असा हा कुत्रा पहिल्या बारालाच नवऱ्यामागं राहिलेल्या जुन्या बैलगाडीखाली शिरला तो बाहेर येईना.

तिसऱ्या दिवशी लालासाहेब स्वतः सांगायला आले, "साळू, गाडी मागं घे. दगूड हितवर येतोय." गाडी हलवायची तर खालचं कुत्रं निघायला हवं. त्यांनी गळ्यातली दोरी धरून ओढली. त्याच वेळी विहिरीवर बार उडाला. भुऱ्यानं त्यांचं मनगट धरलं आणि दोन दात आत गेले.

नाथाजी पोहोचला तेव्हा लालासाहेब बाजेवर बसले होते आणि जखमेवर कुणीतरी चुना थापला होता. साळूबाई कुत्र्याच्या पुढं हात पसरून उभी होती आणि लालासाहेबांचा पुतण्या मानसिंग तिला बाजूला व्हायला सांगत होता. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता.

नाथाजीनं आधी चुना काढायला लावला. साबण मागवला आणि वाहत्या पाण्याखाली जखम घड्याळ लावून पाव तास धुतली. मग म्हणाला, "लालासाब, आजच्या आज सांगलीला जावा. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील."

लालासाहेब पांढरे पडले. "चौदा?"

"रोज एक."

"आन् कुत्रं मारलं तर?"

"मारलं तर चौदाच्या चौदा. ते येडं हुतं का न्हाई, मग कळायचं कसं? त्यापरीस दहा दिस बांधून ठिवा. येडं असंल तर तेवढ्यात मरंल. धड राह्यलं तर डाक्टर म्होरच्या सुया थांबवतील."

लालासाहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. चार सुया वाचत होत्या. ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दहा दिस. पण मधी जर का त्यो पाण्याला भ्याला, तर मानसिंग बंदूक घिऊन यील. मग कुनी आडवं यायचं न्हाई."

"बार तेवढं थांबवा," नाथाजी म्हणाला.

"ते हुनार न्हाई. पाऊस यायच्या आत हीर बांधून झाली पायजे."

सांगलीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: सुया आजपासून सुरू, दहा दिवस कुत्रं डोळ्यांसमोर ठेवा.

नाथाजीनं भुऱ्याला साळूबाईच्या गोठ्यात साखळीनं बांधलं आणि आपण साखळी पोहोचणार नाही अशा अंतरावर घोंगडं टाकून बसला. सकाळी फुलं, मग ऊन, मग बाटली. दुपारी बार, आणि दिवस मावळला की पाय ओढत घर. भुऱ्यानं भिंतीशी खड्डा उकरला होता, त्यात तो अंग मुडपून पडायचा. बार उडाला की त्याच्या तोंडाला फेस यायचा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडालाही फेसच येतो. नाथाजी बघत राहायचा. बार संपल्यावर फेस थांबतो का, मागचे पाय लुळे पडतात का, आवाज बदलतो का. फेस थांबायचा. मेरठहून आणलेल्या दोन काचेच्या भांड्यांपैकी एकातलं पाणी भुऱ्या हळूहळू चाटायचा. तेवढ्यावर तो दिवस काढायचा.

लालासाहेब रोज सांगलीहून एसटीनं परत येत आणि पोट धरून थेट गोठ्याशी येत.

"मेलं का?"

"न्हाई."

"लय बेस," असं म्हणून ते जात. ज्या कुत्र्याला चार दिवसांपूर्वी ते मारायला निघाले होते, त्याच्या तब्येतीची एवढी काळजी आता साळूबाईलाही नव्हती.

पाचव्या दिवशी बार जरा मोठा झाला. भुऱ्या उसळला, साखळी भांड्यात अडकली आणि काचेचे तुकडे गोठाभर झाले. नाथाजीनं ते एकेक वेचले. साळूबाई धावत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आली, राखेनं लख्ख घासलेला. नाथाजीनं त्यात पाणी ओतलं, बाटलीतले चार थेंब टाकले आणि काठीनं डबा पुढं सरकवला.

भुऱ्यानं मान पुढं केली. नाक डब्याशी नेलं. आणि एकदम कान पाडून मागं सरला. साखळी ताणली गेली, गळ्यात घरघर सुरू झाली, तोंडाला फेस आला. विहिरीवर या वेळी बार उडाला नव्हता.

दारात लालासाहेब उभे होते. सांगलीहून नुकतेच आले होते.

"भ्यालं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "नाथा, पाण्याला भ्यालं की रं."

साळूबाई दारात आडवी झाली. "न्हाई वो लालासाब, न्हाई. तहान नसंल त्याला."

"मानसिंगला बलवा. बंदूक घिऊन ये म्हनावं."

निरोप गेला. कुत्रं खरंच पिसाळलं असेल तर ते नाथाजीलाच सांगावं लागणार होतं. खोटं बोलून वस्ती मरणाच्या दारात लोटणारा तो माणूस नव्हता. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितंच असं नाही, हे त्याला ठाऊक होतं, पण ते आता कुणाला पटणार? त्याला फार थकवा आला. इथूनच उठावं, घरी जावं, पडून राहावं, असं वाटलं. उठता उठता त्यानं सवयीनं काठीनं डबा जवळ ओढला, पाणी ओतून टाकलं आणि डबा नाकाशी धरला.

राखेच्या वासाखाली दुसरा एक वास होता. जळका, गंधकाचा.

"साळूबाय, ह्यो डबा कुठला?"

"हिरीवरचा. कामावरल्या मान्सांनी टाकला हुता. चांगला हाय म्हनून आनला. तीनदा राखंनं घासलाय वो भाऊ."

"ह्यात सुरुंगाची दारू हुती. पान्याला न्हाई, वासाला भ्यालं त्ये."

त्यानं डबा लालासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला. "मला तर राखंचाच वास येतोय."

"तुमचं नाक आन् त्याचं नाक येक हाय का? पंधरा वर्सं मी ह्यांची नाकं बघितल्यात. आन् मीच वास न घेता डबा म्होरं केला. माझ्यागत गाढव न्हाई दुसरं."

साळूबाईनं चुलीमागून नारळाची करवंटी आणली. नाथाजीनं ती स्वतः हुंगली, मग धुतली, पुन्हा हुंगली. नवं पाणी, चार थेंब. करवंटी पुढं सरकवून तो घोंगड्यावर बसला.

"आता?" लालासाहेब म्हणाले.

"आता बसायचं. त्याचं भ्या उतरू द्या."

मानसिंग ठासणीची बंदूक घेऊन आला आणि तोही दाराशी उकिडवा बसला. गोठ्यात उकाडा होता, माश्या होत्या. भुऱ्या खड्ड्यात पडून करवंटीकडं बघत होता. तासभर गेला. सुईनं आणि एसटीच्या धक्क्यांनी गळाठलेले लालासाहेब बाजेवर कलंडले आणि घोरू लागले. आणखी अर्ध्या तासानं भुऱ्या उठला. दोन पावलं आला, थांबला, करवंटी हुंगली आणि चाटायला लागला. तळ दिसेपर्यंत चाटत राहिला.

"प्यालं!" साळूबाई ओरडली.

लालासाहेब दचकून उठले. "काय झालं?"

"प्यालं वो पानी. समदं प्यालं."

"मी कुठं बघितलं? परत पाजा."

"काका, मी बघितलंय की," मानसिंग म्हणाला.

"सुया तुझ्या पोटात हायत्या का माझ्या? परत पाजा म्हनतो ना."

नाथाजीनं करवंटी भरली. पोट भरलेलं कुत्रं पुन्हा कशाला पिईल? पुन्हा बसणं आलं. मानसिंगनं बंदूक भिंतीला टेकवली आणि तंबाखू मळायला घेतला. नाथाजीपुढं तळहात करून म्हणाला, "घ्या दादा." त्या वर्षभरात तो नाथाजीशी पहिल्यांदाच थट्टेशिवाय बोलला होता. उन्हं कलली तेव्हा भुऱ्या दुसऱ्यांदा प्यायला. या वेळी लालासाहेब डोळे ताणून बघत होते. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं आणि पुतण्याला म्हणाले, "घरी घिऊन जा ती बंदूक."

पुढचे पाच दिवस नाथाजीनं तसेच काढले. फुलं, ऊन, करवंटी, बार. आठव्या दिवशी बाराच्या वेळी फेस आला नाही, नुसती थरथर होती. नवव्या दिवशी भुऱ्या खड्डा सोडून घोंगड्याच्या बाजूला तोंड करून पडला. दहाव्या दिवशी लालासाहेब सांगलीहून आले ते सुया थांबल्याचं सांगतच. पोट सुजून कडक झालं होतं, सदऱ्याची खालची बटणं उघडी होती. ते लांबूनच भुऱ्याकडं बघत राहिले. "लय छळलंस, रांडच्या," म्हणाले, आणि गेले.

साळूबाईनं साखळी सोडली. ती दोन्ही हातांनी कुत्र्याचं तोंड कुरवाळत होती आणि रडत होती. "भाऊ, कुठल्या फुलानं गुन आला म्हनायचा?"

"मला न्हाई ठावं," नाथाजी म्हणाला. "शिरीष हुता, मोगरा हुता. मी हितं बसून हुतो. कशानं आला, कोन सांगावं."

घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून जो झोपला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हाक आली तेव्हाच जागा झाला. मानसिंग होता.

"दादा, बार भरून तयार हायती. लालासाब म्हनत्यात, तुमी भुऱ्यापाशी जाऊन बसलासा की हात वर करा. मगच वात पेटवायची."

नाथाजी उठून बसला. "आज किती?"

"तीन. आन् खाली अजून आठ हात पाषान हाय म्हनं."

"म्हंजी पंधरा दिस," आतून अंबूबाई म्हणाली. "घास तरी खाऊन जावा."

तिनं भाकरीवर चटणी ठेवून हातात दिली. नाथाजी खात खातच चालू लागला. वाट थोडी होती, पण पायांत गोळे आले होते. गोठ्याशी पोहोचल्यावर त्यानं उरलेला तुकडा भुऱ्याला टाकला, घोंगडं झटकलं, खाली बसला आणि विहिरीच्या दिशेनं हात वर केला.