सशापुढचा घास

बायकोनं आरमोरीच्या बाजारातून एक पांढरा ससा आणला होता. ती त्याले वाळलं गवत अन् दूब, म्हणजे दूर्वा देई, बाकी काही नाही. नवा पाला मिळाला तर एकच पान टाकी अन् सकाळी पिंजऱ्याखाली वाकून लेंड्या पाही. गोल, कोरड्या दिसल्या तरच दुसरं पान. मी तिले हसत असे.

ती गेली अन् तेरवीच्या आधीच सशानं खाणं सोडलं. पाठ वर काढून कोपऱ्यात बसला, दात घासत. पोट ढोलकीसारखं ताठ. खाली एक लेंडी नाही. तिच्या हातचं जितं असं तेवढंच घरात उरलं होतं.

कोणीतरी काहीतरी चारलं, हे मी ओळखलं. डोळा शेजारणीवर गेला. तिचं अन् बायकोचं कुंपणावरून वाकडं होतं, अन् आता तीच रोज पिंजऱ्याजवळ वाकलेली दिसे.

"काऊन वाकता बाई तिथं?"

"काही नाई भाऊ. पाहून राह्यली."

काही नाही म्हणणारा माणूस काहीतरी करतच असतो.

टोपलीत घालून गुरांच्या डॉक्टरकडे नेला. तो म्हणाला, "बैल असता तर औषध दिलं असतं भाऊ. याले तर मसालाच लागते." बाहेर बसलेले हसले. मी टोपली उचलली.

मग दुपारी दाराआड पडलो, झोपल्यासारखा. आमच्याकडं मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत. सोयरे डबे आणतात अन् जेवायच्या आधी गेलेल्याच्या नावानं एक घास काढतात. तो गाईले द्यायचा. पण बायकोची मावशी डबा घेऊन आली ती थेट पिंजऱ्याकडं. "माय, तुहा जीव याच्यातच होता," म्हणाली अन् गूळ-भात आत सारला. मागून साळी, बायकोची बहीण, आली भिजले चणे घेऊन. दोघीही रडत होत्या. रोज येणारा प्रत्येक जण हेच करत असणार.

त्या आत गेल्यावर शेजारीण आली. इकडंतिकडं पाहून पिंजऱ्यात हात घातला. मी उठून मनगटच धरलं. मुठीत चणे होते, भात होता. ती काढून राहिली होती.

"सोडा हात. रोज काढते मी, पण पुरत नाई. तुमच्या सोयऱ्यायले कोण सांगन?"

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही कोणाचं ऐकता? अन् भांडण तुमच्या बायकोशी होतं. सशाशी नोतं."

मी पिंजरा आत नेला अन् दाराले कडी घातली. मावशी चिडली, "पोरीचा घास अडवतोस का?" मी म्हटलं, "तिचा घास गाईले द्या. याले हात लावायचा नाई." पाणी अन् वाळलं गवत, तेवढंच. पोट चोळलं, अंगणात हिंडवलं. रोज सकाळी पिंजऱ्याखाली वाकत होतो. शेवटी दिसली. बारीक, वाकडी, पण लेंडी होती.

त्याच दुपारी शेजारणीनं दूब आणली. मी एकेक काडी उलटून पाहिली.

"अजून शंका आहे का भाऊ?"

"आहे."

एकच काडी आत टाकली. बाकीची सकाळी लेंड्या पाहून.