नवव्या घरातली खोट

वैरागडे मास्तर कुणाच्याही घरी खुर्चीवर बसण्यापूर्वी ती दोन्ही हातांनी हलवून पाहत. खुर्ची टिकली की मग बसत, तेही काठावर. आमच्या क्वार्टरच्या पायऱ्या ते दर वेळी मोजून चढत आणि दारात उभे राहून म्हणत, "तीन हायेत." जणू मागच्या मंगळवारपासून आम्ही एखादी विकून खाल्ली असावी. आईने चहा दिला की कप उंच धरून त्याचे बूड पाहत. आईला वाटे, ते तिच्या घासण्यावर संशय घेतात. तसे काही नव्हते. ते सगळ्यांवरच संशय घेत.

जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दोन तोंडांचे पोलादी माप हातात घ्यायचे. एक तोंड भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. बासष्टच्या लढाईनंतर पाळ्या वाढल्या आणि दिवसभर हेच चालू लागले. त्यांचे वरिष्ठ मधूनच चांगल्या मालात मुद्दाम एक खोटा नग मिसळून ठेवत, तपासणारा जागा आहे की नाही हे पाहायला. मास्तर अभिमानाने सांगत, "माझ्या टेबलावरून एकबी गेला नाही."

लोक त्यांना मास्तर म्हणत ते मात्र दुसऱ्या कारणाने. कारखान्याच्या बँडचे स्वरलिपीचे सगळे कागद तेच हाताने उतरवून देत. मोठ्या लढाईच्या वेळी ते इंग्रजांच्या फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रंपेट, वाजवत असत, असे ते स्वतः सांगत. त्यांना वाजवताना वसाहतीत कुणी कधी ऐकले नव्हते. आईचे मत असे की ते बँडमध्ये नसून बँडच्या स्वयंपाकघरात असावेत.

मी नववीत दोनदा नापास झालो, तेव्हा वडिलांचा शाळेवरचा विश्वास उडाला. शाळेचा माझ्यावरचा आधीच उडाला होता. मी घरी बसून प्रायव्हेट मॅट्रिक करावी असे ठरले. त्याच सुमारास वडिलांनी बातमी आणली की बँडमध्ये कॉर्नेटची एक जागा रिकामी होणार आहे. जो घेतला जाईल त्याला कारखान्यात कायमची नोकरी. अट एकच, कागद पाहून वाजवता आले पाहिजे. माझ्यासारख्याला कायमच्या नोकरीचा दुसरा रस्ता नव्हता, आणि हे वडील मला जेवताना रोज सांगत. मास्तरांना बोलावणे गेले.

शिकवणी सुरू झाली आणि पासष्टची लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटले. हुकूम निघाला की भोंग्याखेरीज वसाहतीत कुणी शंख, शिट्टी, बिगुल काही फुंकू नये, लोक घाबरतात. लढाई थांबली, पण हुकूम मागे घ्यायची कुणाला आठवण राहिली नाही. त्यामुळे पहिले काही महिने मी कॉर्नेट न फुंकता शिकलो. तीन खटके दाबायचे, पायाने मात्रा धरायची, आणि तोंड बंद.

"आवाज काहून पाहिजे तुले?" मास्तर म्हणत. "आवाज लबाड असते. कागद वाच."

पाच रेघा, त्यांच्यामधल्या चार रिकाम्या पट्ट्या, आणि उभ्या दांड्यांनी पाडलेली घरे. प्रत्येक घरात चार मात्रा. एक जास्त नाही, एक कमी नाही. पोकळ गोळा, भरीव गोळा, टिंब दिले की दीडपट. गप्प बसायच्याही खुणा असतात हे मला तिथे कळले. पट्टीच्या वरच्या रेघेला लटकलेली जाड आडवी खूण म्हणजे चार मात्रा गप्प, त्याच पट्टीच्या खालच्या रेघेवर बसलेली म्हणजे दोन. "लटकला तो पूर्ण गेला, बसला तो अर्धा उरला," असे ते शिकवत, आणि यात त्यांना काही भयंकर वाटत नसे.

त्यांच्या प्रत्येक कागदात एक खोट असे. कुठे टिंब गाळलेले, कुठे घरात पाच मात्रा. कागद समोर टाकून ते म्हणत, "चलो. एक खोटा नग हाये. काढ." तो सापडेपर्यंत पुढचा धडा नाही. हळूहळू मला कागदावर सूर दिसेनासे झाले, फक्त संशयित दिसू लागले.

पुढे हुकूम रद्द झाला आणि मी आईच्या पेटीशेजारी बसून पहिला सूर फुंकला. कागदावर जो सूर होता तो पेटीवर पांढरी एक. कॉर्नेटमधून निघाली काळी पाच. पुढचा सूरही तसाच, एक सूर खाली. सगळी सरगमच घसरलेली.

"मी म्हणत नव्हते?" आई म्हणाली. "फसवून राहिला तो माणूस. महिनोन् महिने चहा प्याला फुकटचा."

मंगळवारी मी मास्तरांना पायरीवरच गाठले. ते आधी पायऱ्या मोजून झाले, मग म्हणाले, "अच्छा! आज विचारलं! पेटी तर घरातच होती ना बे? पहिल्याच दिवशी काहून नाही विचारलं, का कॉर्नेटचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीत बसते म्हणून?" हे वाद्यच मुळात एक सूर खाली बोलते आणि त्याचे कागद त्या हिशेबाने लिहितात, हे त्यांनी नंतर नीट समजावले. पण आधी मला शंका यायची वाट पाहत बसले होते. "ज्याले शंका येत नाही त्याले कागद देऊ नये," ते म्हणाले, आणि खुर्ची हलवून बसले.

चाचणी बँडच्या खोलीत झाली. समोर कारखान्याचे एक मोठे साहेब होते आणि शेजारी बँडमास्तर. बँडमास्तरांच्या छातीवर इतकी पदके होती की ते हलले तरी झांज वाजल्यासारखे वाटे. उमेदवार आम्ही दोघे. दुसरा बँडमास्तरांचा भाचा, त्याला सगळे पाठ होते. साहेबांना मात्र कागद वाचणारा हवा होता, म्हणून पहिला मी. स्टँडवर नवा कागद आला. सोळा घरांची एक संथ धून. अक्षर पाहताच ओळखले, वैरागडे मास्तरांचे. ते मागे भिंतीला टेकून उभे होते.

मी वाजवू लागलो आणि मोजू लागलो. पहिले घर बरोबर. चौथे बरोबर. आठ घरे झाली आणि खोट सापडली नाही, तेव्हा मला घाम फुटला. त्यांच्या कागदात खोट नाही असे कधी झालेच नव्हते. नवव्या घरात एकच जाड आडवी खूण होती. मला ती खालच्या रेघेवर बसलेली दिसली. म्हणजे दोनच मात्रा. मी थांबलो.

"साहब, नौवें घर में दो मात्रा कम हैं।"

साहेब खूश झाले. "अच्छा? लड़का पढ़ता है!"

बँडमास्तरांची पदके हलली. "वैरागडे जी, आपका चेला आपकी ही गलती निकाल रहा है। हो गई थी क्या?"

त्या क्षणी सगळे एका शब्दावर होते. मास्तरांनी 'हो' म्हटले असते, तर जागा माझी होती. कागद उतरवताना हात चुकतो, त्यात मोठे काही नव्हते. मला तर खात्रीच होती की खोट त्यांनीच ठेवली आहे, माझ्यासाठी.

ते पुढे आले. कागद डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहिला. मग खिशातून रुमाल काढला, तोंडाकडे हात नेला आणि समोरचे चार खोटे दात काढून रुमालात ठेवले. माझ्या हातातून कॉर्नेट घेऊन ते वाजवू लागले. ओठांच्या कडांतून वारा फुसफुसत होता, निम्मे सूर फाटत होते. तरी ती धून होती. नवव्या घराशी ते थांबले, बूट चार वेळा जमिनीवर आपटला, आणि दहाव्यात नेमके उतरले. सोळावे घर संपवून दात परत बसवले.

"सही है, साहब," ते म्हणाले. "पूरा चार है।"

जागा भाच्याला मिळाली. वडील म्हणाले, "परक्यानं नाही, आपल्याच माणसानं बुडवलं." आईने मात्र त्यांना स्वयंपाकघरातून बँडमध्ये बढती दिली.

चाचणीहून परतताना मदन महलच्या रस्त्यावर मी मास्तरांना गाठले होते. "खोट का नाही ठेवली?"

ते चालायचे थांबले. "नोकरीच्या कागदात ठेवीन मी?"

"मग एकदा खोटं बोलला असता तर काय झालं असतं?"

"तुझ्यासाठी बोललो असतो बे," ते म्हणाले. "पण मग तो कागद बाद झाला असता. चांगला माल बाद करता येत नाही मले."

मी त्यांच्याशी बोलणे टाकले. मॅट्रिक कसाबसा झालो आणि नागपूरला एका छापखान्यात मुद्रितशोधनाच्या कामाला लागलो. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढण्याचे पैसे मिळतात हे मास्तरांना कळवावेसे वाटले, पण कळवले नाही.

एकाहत्तरची लढाई संपली त्या हिवाळ्यात ते गेले. मी जबलपूरला आलो तेव्हा त्यांच्या पत्नीने एक पाकीट दिले. आत तोच सोळा घरांचा कागद होता, पिवळा पडलेला. नववे घर लाल पेन्सिलीने वेढले होते. मी तो उजेडाशी धरला. ती खूण लटकलेलीच होती, पण शाई जाड पडली होती आणि खालच्या रेघेलाही टेकली होती. बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते: "बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला शंका येईल असे लिहिले. चूक माझी." खाली त्यांची तपासणीची सही.

तारीख चाचणीच्या दुसऱ्या दिवसाची होती. मी अक्षर ताडून पाहिले, सहीही ताडून पाहिली. मग त्यांच्या घरच्या खुर्चीवर बसलो. हलवून पाहायचे राहिले.