पिसांची उशी
कोंबड्यांच्या खुराड्याचा उबट वास आला की मला रत्नागिरीच्या बाजारातलं गाद्यांचं दुकान आठवतं. वडील जाऊन दोन महिने झाले होते आणि आईला झोप लागत नव्हती, म्हणून तिला मऊ उशी घेऊन द्यायला मी मुंबईहून आले होते. दुकानात सावरीचा कापूस उडत होता. "बदकाची पिसं, ताई. बाहेरचा माल," दुकानदार म्हणाला. आईने उशी दाबली, नाकाशी धरली आणि शिवणीतून एक पीस ओढून उजेडात धरलं. "ही कोंबडीची हायत. जन्मभर पाळल्या मी." दुकानदाराने आतली दुसरी उशी आणली. तिच्यात मात्र आईला खोट सापडेना, तरी तिच्या कपाळावरची आठी जाईना. उशी घेऊन आम्ही रस्त्यावर आलो, तेव्हा ती थांबली. "खरं सांग हां. ही घरात आली की ह्यांची उशी टाकणार ना गो तू?" मी तेच ठरवलं होतं. "नाही गं आई," मी म्हटलं. मघाशी पिसाकडे बघितलं तसंच तिने माझ्याकडे बघितलं. वडिलांची उशी मी टाकली नाही. पण त्यानंतर मी माहेरी गेले, की आई ती कपाटात ठेवून कुलूप लावते.