वाकड्या अंगणाचं माप

आमच्या घरात कोणी म्हण टाकली की बाबा म्हणायचे, "मानू नको. करून पाह्य." म्हणून मी लहानपणी म्हणी तपासत वाढले. गाढवाला गुळाची चव काय? आम्ही दोघं वीटभट्टीवर गूळ घेऊन गेलो. गाढवानं गूळ खाल्ला, माझा तळहात चाटला आणि नाल्यापर्यंत मागं मागं आलं. थेंबे थेंबे तळे साचे? मे महिन्यात अंगणातल्या परातीत थेंब थेंब पाणी सोडलं. नागपूरच्या उन्हानं ते पिऊन टाकलं. बाबा म्हणाले, "गरिबाले गप्प बसवाले म्हनी बनवते लोकं." हे मी आजही मानते. वस्तीच्या प्रश्नांवर पत्रकं काढते, त्यांत लिहितेही.

दोन वर्षांपूर्वी समाजभवनासमोरच्या अंगणात गट्टू बसवले, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी. जयंतीच्या मिरवणुकीची लेझीम तिथंच बसते. ती अख्ख्या वस्तीला बाबांनी शिकवलेली. पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला तेच. गेल्या वर्षी सराव करताना ते रांग सोडून डावीकडं सरकायला लागले. एकदा पडले. पोरं हसली नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं.

"ठेकेदारानं आंगण वाकडं केलं," बाबा म्हणाले.

"नाचता येईना, आंगण वाकडं!" आई म्हणाली. "दवाखान्यात चाला म्हनून राहिली मी कधीची."

"काहून? पाय माहे बिघडले नाही, गट्टू बिघडले."

मी बाबांच्या बाजूनं. का नसावं? आमच्या वस्तीतल्या नाल्यांचा उतार उलटा आहे. सिमेंटचा रस्ता घरांपेक्षा उंच करून ठेवलाय, पाणी थेट स्वयंपाकघरात येतं. अशा ठेकेदाराचं अंगण सरळ असेल, हे कोण मानणार? मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: 'आम्हाला नाचता येतं. तुमचं अंगण वाकडं आहे!'

आईनं वाचून कपाळाला हात लावला. बाबा खूश झाले. मग म्हणाले, "छाप. पन आधी मोजून घे. खोटं छापाचं नाही."

मिस्त्री लोकांची पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणली. दोघांनी दोन टोकं धरायची. पाणी आपोआप एका पातळीला येतं. दोन्हीकडं ते जमिनीपासून सारख्या उंचीवर असेल, तर जमीन सपाट. एक टोक मी धरलं, दुसरं बाबांनी.

माझ्याकडचं पाणी थांबेचना. वर, खाली, वर.

"हलवू नको ना गा बाबा."

"मी कुठं हलवून राहिलो? नळीत हवा असन."

मी मान वर केली. बाबांनी डावं मनगट उजव्या हातानं आवळून धरलं होतं. तरी नळी थरथरत होती. ते चालताना डावा हात खिशात का ठेवतात, असं मी कधी विचारलंच नव्हतं.

पायरीवर बसलेली आई उठली. एकही टोमणा न मारता तिनं त्यांच्या हातातून नळी घेतली. पाणी ठरलं.

आम्ही चारही कोपरे मोजले. बाबा स्वतः वाकून पट्टी लावत होते. सगळीकडं सारखं.

"परत मोजू. एखादा गट्टू खचला असन," मी म्हणाले.

"नाही खचला. त्या मानसानं काम बरोबर केलं," बाबा म्हणाले. "पत्रक फाड."

मला संताप आला. अख्ख्या वस्तीत या ठेकेदारांना एकच काम नीट करायचं होतं, ते नेमकं इथंच? माझ्या प्रत्येक निवेदनाला वर कोणाचं तरी नाव असतं, खाली विषय असतो. या हाताबद्दल मी कोणाला जाब विचारू? कोणाच्या दारात बसू?

आईनं नळी रिकामी केली. पाणी पडलं तिथंच राहिलं, कुठंच वाहिलं नाही. बाबा ते बघत राहिले.

"कोन्ता डाक्टर पाह्यते वं हे?" त्यांनी आईला विचारलं.

"सकाळी लवकर जा लागन," ती म्हणाली. "लाइन लागते तिथं."

"तू नको येऊ. तू तिथं रडशीन." मग माझ्याकडं वळले. "तू चाल वं. तुले भांडता येते."

मी हो म्हणाले.