कार्ड बसेपर्यंत बंद असलेली लाइन

मैत्रिणींनो, आज जे झालं ते तुम्हाला सांगायचं, म्हणून लिहायला बसले.

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या महिला हेल्पलाइनचे सगळे फोन एकाच कॉम्प्युटरमधून येतात. लाइनी वाढवायला आज त्यात नवं कार्ड बसवायचं होतं. इंजिनिअर ट्रॅफिकमध्ये अडकला, म्हणून तो मोबाइलवरून सांगत होता आणि मी करत होते.

दिल्लीबाहेरच्या मानेसरहून एक मुलगी दुपारी नवरा ड्यूटीवर गेला की फोन करते. आम्हाला तिला उलटा फोन करता येत नाही, घरी कळलं तर मार पडतो. तिच्या वेळेआधी सगळं उरकायचं होतं.

कार्ड बसवलं, पण कॉम्प्युटर सुरूच होईना.

"मॅडम, कार्ड पे कुछ लगा तो नहीं है?" इंजिनिअरने विचारलं.

माझ्यासोबत फोन घेणाऱ्या कुलकर्णी काकूंकडे मी पाहिलं.

"अगं, नवी वस्तू, म्हणून जरासं कुंकू लावलं," त्या पुटपुटल्या. नेमकं सॉकेटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर.

इंजिनिअरच्या सांगण्यावरून मी खोडरबराने पट्ट्या पुसत होते. तिची वेळ टळत चालली होती.

शेवटी लाइन सुरू झाली. पहिला फोन तिचाच आला.

"ताई, तीनदा लावला," ती कुजबुजली. "वाटलं, तुम्हीपण उचलणं बंद केलंत."

ती आज सुखरूप आहे. पण मशीन पुन्हा कधीतरी बंद करावं लागेलच. जिला दिवसात एवढाच वेळ मिळतो अशी आणखी कोण आहे, हे मला कसं कळणार?