तुळशीचं केळवण

पनवेलच्या आमच्या जुन्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावर राहतो. वरच्या तीन मजल्यांच्या आंघोळी उरकल्या की ते पाणी आमच्या बाथरूमच्या जाळीतून वर यायचं. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. "लाइन जुनी आहे, चालायचंच," म्हणून पेपरात डोकं घालायचे.

पण रविवारी लेकीचा साखरपुडा होता, तोही घरी. पाहुणे खारघरच्या टॉवरमधले, चौदाव्या मजल्यावरचे. त्यांच्यासमोर गटार वर आलं तर काय सांगणार होते मी? शेवटी मीच ड्रेनेजचा माणूस बोलावला.

त्याने लाइनीत धूर सोडला. "जिथून निघेल तिथे घोळ," म्हणाला. धूर निघाला तो अंगणातल्या तुळशी वृंदावनाच्या बुडातून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लगबगीने खाली आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. बाकी सगळे यांच्याकडे बघत होते, कारण सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉक टाकून वर वृंदावन यांनीच बांधून घेतलं होतं. खाली ड्रेनेजचं मुख्य चेंबर होतं.

"झाकण बरं दिसत नव्हतं," हे पुटपुटले. माझं डोकंच फिरलं.

वृंदावन फोडायचं ठरलं तर काकू आडव्या आल्या. "लग्न लागल्याशिवाय तुळस हलवायची नाही."

तुळशीच्या लग्नाला अजून तीन आठवडे होते. रडू यायच्या बेतात मी विचारलं, "काकू, लग्नाआधी केळवणाला तरी जाईल ना ती?"

काकूंनी बराच विचार केला. "केळवण करायलाच हवं. पण पुरणपोळी कर."

तुळस मातीसकट बादलीत घालून आमच्या हॉलमध्ये आली. चेंबरातून मुळं, चिंध्या आणि पेव्हरवाल्याने ओतून दिलेलं सिमेंट निघालं. मग पाण्याच्या जोराने लाइन धुणारी जेटिंगची गाडी लावली आणि तुंबलेलं पाणी गडगडत उतरलं. मी यांना म्हटलं, "या आवाजासाठी मी किती वर्षं थांबले होते."

रविवारी विहीणबाई बाथरूममध्ये गेल्या तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. बाहेर आल्या त्या कोरड्या पायांनी. हॉलमधल्या बादलीकडे बघून त्यांनी विचारलं, "ही तुळस आत कशी?"

"केळवणाला आलीय," हे म्हणाले. बाईंनी हसून तिलाही हळदकुंकू लावलं.

तुळशीचं लग्न आमच्याच दारात लागलं. मार्गशीर्षात लेक खारघरला गेली. घर फार शांत झालं, बाथरूमसकट. तुळस अंगणात परत कधी पाठवतेस, असं काकू अधूनमधून विचारतात. मी सांगते, एक पाठवली ना, पुरे.